बैठक अजून संपली नाही

रविवार, ३ नोव्हेंबर
आले बाई एकदाची बेसाला, नव्या फ्लॅटवर! कुही गावचं घर आवरून, माझा जुना विद्यार्थी गोलू याच्या टेम्पोत त्याच्या शेजारी बसून, वाटेत त्याला गाडी हळू चालव म्हणून तीनदा बजावून. एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, आता ही जीभ काही निवृत्त होत नाही. फ्लॅट चौथ्या मजल्यावर आहे, ऊन थेट स्वयंपाकघरापर्यंत येतं. श्वेतानं पुण्यात बसून पडद्यांचे रंगसुद्धा ठरवून ठेवलेत, लेक माझीच शोभते. समोर यमुताई राहतात, निवृत्त नर्स. सामान उतरायच्या आत तर्री-पोहे घेऊन हजर झाल्या. बाई मला आवडली.

आनंदरावांचा फोटो बैठकीच्या खोलीत लावला. त्याखाली दोन्ही आसनं अंथरली, एक माझं, एक त्यांचं. त्यांचा दम्याचा निळा पंप टेबलाच्या खणात ठेवला. २४ तारखेला त्यांना जाऊन वर्ष होईल. श्वेता त्या दिवशी येणार आहे. इथे मला बरं वाटेल असं दिसतंय.

मंगळवार, ५ नोव्हेंबर
सकाळी सहाला आणि दुपारी चारला आनापान, म्हणजे श्वास पाहायचं ध्यान, इथेही सुरू केलं. गेल्या वर्षी दहा दिवसांच्या शिबिरात शिकले. करायचं असं काहीच नसतं. वरच्या ओठावर श्वास येतो-जातो, तो फक्त पाहायचा. लांब असला तर लांब, आखूड असला तर आखूड, आपण ढवळाढवळ करायची नाही. मन स्थिरावलं की सगळं अंगच श्वास घेताना जाणवतं. मग श्वास इतका बारीक होतो की सापडत नाही. तेव्हा घाबरायचं नाही, वाट पाहायची. शेवटी एकानं मोठ्यानं 'भवतु सब्ब मंगलं', सगळ्यांचं भलं होवो, असं म्हणायचं, बाकीच्यांनी 'साधु, साधु, साधु' म्हणायचं, मगच आसन सोडायचं. मी एकटी असते, उत्तर द्यायला कोणी नाही, म्हणून वर्षभर न म्हणताच उठते.

आनंदराव माझं सगळं ऐकायचे. तोंडानं सांगितलं काय आणि चिठ्ठी ठेवली काय, त्यांना सारखंच. एकदा कुहीच्या बसस्टँडवर त्यांना म्हणाले, इथेच थांबा, मी आलेच. आणि शाळेच्या मीटिंगमध्ये साफ विसरले. तीन तास माणूस उन्हात उभा. सावलीतसुद्धा सरकला नाही. मीच वर रागावले, तर हसून म्हणाले, "तूच तं थांबा म्हणाली होती ना वं." आज आठवलं आणि एकटीच हसत बसले.

शनिवार, ९ नोव्हेंबर
आज श्वास फार बारीक झाला, मग दिसेनासाच झाला. मी वाट पाहिली. थोड्या वेळानं ओठावर ऊब आली आणि तिला लवंगेचा वास होता. मी लवंग खात नाही. खोकल्यासाठी दिवसभर तोंडात लवंग धरायचे ते आनंदराव. डोळे उघडून पोटभर रडले. पण बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

मंगळवार, १२ नोव्हेंबर
दुपारी दार नुसतं लोटलेलं होतं. यमुताई पोह्यांचा डबा परत न्यायला आल्या, आतला आवाज ऐकून दारातूनच मागे फिरल्या. संध्याकाळी मला धरलं. "काहून वं माया, तुह्या घरी पाहुणे आले का? छाती लय वाजून राहिली होती त्यांची. वाफ तरी दे त्यांले."

मी म्हटलं, घरात मी एकटीच होते. त्या हसल्या. चाळीस वर्षं वॉर्डात काढल्यावर दमेकऱ्याच्या छातीची शिट्टी आपल्याला ओळखू येणार नाही का, असं म्हणाल्या. मग माझं तोंड पाहून त्यांनी विषय बदलला.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर
लिहूनच टाकते. श्वेताला मी सांगितलं की बाबा झोपेत गेले. ते खोटं आहे.

शिबिरातून येऊन मला चारच दिवस झाले होते. दिसेल त्याला शिकवत सुटले होते. त्या दुपारी त्यांची छाती भरून आली आणि त्यांनी पंप मागितला. पंप माझ्या हातात होता. कोणाचं औषध बंद करायचं नाही, हे शिबिरात पहिल्याच दिवशी बजावलं होतं. मला वाटलं, पाच मिनिटांनी काय बिघडतंय? त्यांना म्हटलं, आधी बसा, नुसता श्वास पाहा, मी सांगेपर्यंत उठू नका.

ते बसले. शिट्टी हळूहळू कमी झाली, मग थांबली. मला वाटलं, पहिल्याच बैठकीत यांचा श्वास बारीक झाला! मला त्यांचं इतकं कौतुक वाटलं. मीही शेजारी डोळे मिटून तासभर बसले, आनंदात. डोळे उघडले तेव्हा ते भिंतीला टेकून होते, मांडी तशीच घातलेली. त्यांचा हात थंड पडला होता.

सोमवार, १८ नोव्हेंबर
रोज सकाळी त्यांचं आसन मधे दबलेलं असतं. मी झटकून सारखं करते. आज हात ठेवला तर गरम होतं.

आणि मला कळलं. त्या दिवशी मी किंचाळले, शेजारी धावून आले, पण मंगल काही मी म्हटलं नाही. नंतरही कधीच नाही. मी सांगेपर्यंत उठू नका म्हणाले होते, ते अजून बसलेत. बसस्टँडवर उभे होते तसेच. माझ्यावर रागावलेलेसुद्धा नाहीत. श्वास पाहताहेत. त्यांचा उरला नाही, म्हणून माझा घेताहेत.

तीन शब्द म्हटले की सुटतील. मी आज बसले होते, तोंड उघडलं होतं. पण म्हटलेच नाहीत. सुटले की जातील ना ते.

बुधवार, २० नोव्हेंबर
लिफ्ट बंद होती. दुसऱ्या मजल्यावरच बसकण मारली. यमुताईंनी बोटाला ऑक्सिजनचं यंत्र लावलं, आकडा पाहिला आणि दुसऱ्या बोटाला लावून पुन्हा पाहिला. उद्याच्या उद्या डॉक्टरकडे चल म्हणाल्या. मी म्हटलं, श्वेता आली की जाऊ.

मला दमा नाही. कधीच नव्हता. आता माझी छाती वाजतेय, आणि शेजारची शिट्टी थांबलीय. वर्षभरानं त्यांना पुरेसा श्वास मिळतोय. तो मी पुन्हा कोणत्या तोंडानं काढून घेऊ?

शुक्रवार, २२ नोव्हेंबर
आखूड. सगळे आखूड. आता डोळे मिटावे लागत नाहीत. भाजी चिरतानाही ओठावर लवंग—

खणातून पंप काढला, दोनदा दाबला. औषध आत गेलेलं कळलं. मोकळी झाली ती छाती माझी नव्हती. शेजारून सुस्कारा ऐकू आला. किती समाधानाचा.

म्हणायला हवं. उद्या म्हणते.

शनिवार, २३ नोव्हेंबर
श्वेताचा फोन. आई, बाबांसारखी धापा का टाकतेस, म्हणाली. मग म्हणाली, उद्या मीही तुझ्याजवळ आनापानाला बसणार. बाबांच्या आसनावर.

नको म्हणायचं होतं. तेवढाही श्वास— तिनं फोन ठेवला.

लगेच बसले. भवतु— एवढं म्हटलं आणि माझ्या हातावर त्यांचा हात आला. ऊबदार. वर्षभर ज्यासाठी रडले तो हात. नाही म्हणवलं. उद्या. ती यायच्या आत नक्की.

रविवार, २४ नोव्हेंबर
श्वेता विमानतळावरून निघाली. वीस मिनिटं.

म्हणतेय. ओठ हलतात. आवाज नाही. आत हवाच—

यमुताईंचं दार सहा पावलांवर. उठता येत नाही. पाय मांडीतच—

श्वेता, पंप माझ्या हातात होता. बाबांनी मागितला. मी दिला नाही. मला क्षमा—

त्या आसनावर बसू नको. मी नाही म्हणू शकले तर तू म्हण. मोठ्यानं. आधी तेच—

ते माझी समजूत घालताहेत. प्रेमानं. माझेच शब्द. घाबरू नको. नुसता श्वास पाह्य वं.

बेल वाजली.

दार उघडंच— ती आत— बाबांच्या आसनाकडे—

चिठ्ठी. चिठ्ठीचंही ऐकायचे ना ते. लिहिते. वाचा हो, वाचा—

भवतु सब्ब मं