केकच्या खोक्यातून कोयासानला

ती. मिझुएताईस,

छत्तीस वर्षांपूर्वी तू म्हणाली होतीस, "चिझुरु, तुला एकाच रुळावरच्या गाडीत बसवून दिलं, तरी तू भलतीकडेच उतरशील." तेव्हा मी दहा वर्षांची होते, तू पंधराची, आणि मी पोहण्याच्या वर्गाला जाताना फक्त दोन स्टेशनं पुढे गेले होते. (झोप लागली होती. झोप लागणं आणि चुकणं यांत फरक आहे, पण तो तुला तेव्हाही पटला नव्हता.) ते वाक्य मी इतकी वर्षं जपून ठेवलं, कारण एक दिवस ते खोटं पाडायचं होतं. गेल्या मंगळवारी तशी संधी आली आणि मी ते तंतोतंत खरं करून दाखवलं.

इकडे थंडी सुरू झाली आहे, रस्त्यावरची पानं लाल होऊन गळायला लागली आहेत, माझी तब्येत बरी आहे. तुझा गुडघा कसा आहे? ज्या गुडघ्यामुळे तुला मंगळवारी डोंगरावर येता आलं नाही, पण ज्याच्यावर भार देऊन त्याच संध्याकाळी तू चढावरच्या भाजीवाल्याकडून दोन मोठे मुळे घेऊन आलीस (तुझ्या शेजारच्या ओकुबोबाईंनी मला सहज म्हणून सांगितलं), त्या गुडघ्याला माझा आदरपूर्वक नमस्कार. हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर तू "थोडक्यात सांग" म्हणतेस, आणि थोडक्यात सांगितलं की सगळी चूक माझीच दिसते.

तर, नाम्बा स्टेशनच्या दारात तू आईला माझ्या हातात दिलंस तिथपासून सुरुवात करते. आईला म्हणजे दहनानंतर उरलेल्या तिच्या गळ्यातल्या त्या एवढ्याशा हाडाला, ज्याला आपण कंठातला बुद्ध म्हणतो. ते कोयासान डोंगरावरच्या आपल्या मठात बाबांच्या शेजारी ठेवायचं, एवढंच काम. तू लाकडी डबी पांढऱ्या पुठ्ठ्याच्या खोक्यात बसवली होतीस, वर सुबक दोरी, दोरीला उचलायला कडी. मी म्हटलं, ताई, तू पण चल ना. तू म्हणालीस, "आठ वर्षं मी तिला खोलीतून न्हाणीघरात नेलं. तू एकदा डोंगरावर ने." मी तुला राग येईल असं काहीतरी बोलायला शोधत होते, तेवढ्यात तू माझ्या हातात तो कागद ठेवलास.

त्या कागदाबद्दल मला बोलायचं आहे. वॉर्ड ऑफिसात तीस वर्षं लोकांचे अर्ज तपासून माणसाचं काय होतं, हे मला त्यावरून कळलं. रेल्वेवाल्या बिचाऱ्यांनी मिनिटामिनिटाचं वेळापत्रक केलेलं असताना तू त्यावर आपलं आणखी एक चढवलंस. कितवा डबा, कितवं दार, कुठल्या बाजूला बसायचं (आईला उलट्या दिशेनं बसलं की मळमळायचं, म्हणून तोंड पुढे), खिडकी किती उघडायची. आणि मग लाल शाईत: "हाशिमोतोला गाडी बदल. शौचालय. सहा मिनिटं." शौचालय या शब्दाखाली दोन रेघा. मी सेहेचाळीस वर्षांची आहे, ताई. मला कधी जायचं ते मला कळतं.

पण कागदावर होतं म्हणून गेले. तिथे डोंगर चढायचे बूट घातलेल्या सहा बायका रांगेत होत्या. माझा नंबर आला आणि मग माझ्या लक्षात आलं की हातात आई आहे. आत एक खुंटी होती. खुंटीवर टांगू? खाली फरशीवर ठेवू? बाहेर कुणा अनोळखी बाईच्या हातात देऊ आणि म्हणू, जरा धरा, आई आहे? मी दारात उभी राहून विचार करत राहिले. मागची बाई म्हणाली, "तुम्ही जाताय की तुमचं खोकं जातंय?" (इतकं तोंडावर बोलली म्हणजे ती बहुतेक ओसाकाची असावी.) शेवटी मी गेलेच नाही, आणि तेवढ्यात गाडी गेली. म्हणजे तुझ्या कागदातल्या ज्या एका गोष्टीची मला गरज नव्हती, तिनंच बाकीचा सगळा कागद बुडवला. एक मात्र खरं, की तू तिला रोज चार वेळा न्यायचीस आणि मला तिला घेऊन एका दारातून आत जाता आलं नाही. हे तुझ्या बाजूनं लिहिलेलं एकमेव वाक्य समज.

पुढची गाडी अर्ध्या तासानं. दोन डब्यांची, प्रत्येक वळणावर चाकं किंचाळणारी. मी खोकं मांडीवर दोन्ही हातांनी सरळ धरून बसले होते. समोर सत्तरीचं एक जोडपं, मोरिवाकी नावाचं. नवरा बराच वेळ खोक्याकडे बघत होता. मग म्हणाला, "केक ना? बरोबर धरलाय. या वळणांवर क्रीम एका बाजूला जातं." आता तूच सांग, भरल्या गाडीत कुणाला म्हणायचं, नाही हो, हाड आहे? त्या माणसाला जन्मभर लाज वाटली असती. मी म्हटलं, हो, केकच. बाईंनी विचारलं, "वाढदिवस?" हो. "कुणाचा?" आईचा. ("आईचा" एवढं तरी खरं बोलले.) "किती वर्षांच्या झाल्या?" ब्याऐंशी. त्यावर त्यांनी पिशवीतून पर्सिमनची पाच फळं काढून माझ्या पिशवीत घातली, आईंना द्या म्हणाल्या, दात नसतील तर मऊ होईपर्यंत ठेवा. पलीकडच्या बाकावरच्या लोकांनीही मान हलवून अभिनंदन केलं. मी सगळ्यांना वाकून नमस्कार केला. खोकं सरळ ठेवून वाकायचं म्हणजे काय असतं, ते एकदा करून बघ.

एकदा खोटं बोललं की ते आपल्याबरोबर गाडी बदलतं. गोकुराकुबाशीला उतरून केबलकारमध्ये बसले तर मोरिवाकी शेजारच्या पायरीवर. (त्या केबलकारमध्ये सगळ्यांना पायऱ्यापायऱ्यांनी बसवतात, मार्चमधल्या मुलींच्या सणाला पायऱ्यांवर मांडतात त्या बाहुल्यांसारखं. मी खालच्या पायरीवर, म्हणजे वाद्यं वाजवणाऱ्यांच्या रांगेत.) वर पोचून बसमध्ये चढले तर मोरिवाकी पुढच्या सीटवर. आणि त्या बसच्या रस्त्यावर पायी चालायला मनाई आहे, म्हणजे त्यांच्यापासून पळायची सोय नाही. माझी एकच काळजी, की मठाशी उतरताना यांनी बघू नये. मठात वाढदिवस कोण करतं?

पहिलंच मोठं वळण आलं, मी खोकं उचलून धरलं आणि कोपर उतरण्याच्या बटणावर टेकलं. टिंग. सगळ्या बसभर लाल दिवे लागले. चालक माइकवर म्हणाला, "पुढचा थांबा न्योनिंदो, थांबतोय." कुणी उठेना. चालक आरशात बघायला लागला. अशा वेळी तू सरळ ओरडली असतीस, चुकून दाबलं गेलं, चला पुढे. तुझ्यात ती ताकद आहे, ती ऑफिसच्या खिडकीमागे बसून येते. मी मात्र आपल्या बाकीच्या माणसांसारखीच आहे. चाळीस लोकांची बस माझ्या कोपरासाठी फुकट थांबली, असं मला होऊ द्यायचं नव्हतं. मी उठले, सगळ्यांची माफी मागत दारापर्यंत गेले. मोरिवाकी म्हणाले, "इथे? इथे तर घरंच नाहीत." मी म्हटलं, आई इथेच राहते.

न्योनिंदो, ताई. बायकांचा देव्हारा. हजार वर्षं बायकांना डोंगरावर याच्या पुढे सोडत नव्हते, त्या इथेच बसून आतल्या मठांना हात जोडायच्या. मला कुणी अडवलं नव्हतं. पुढे जाण्याचं भाडं भरलेलं होतं, बस पुढेच चालली होती, आणि मी आपण होऊन उतरले. पुढच्या बसला वेळ होता. इथून गावात चालत जाता येतं, तेव्हा मी आईला घेऊन उतार उतरायला लागले. दोन्ही बाजूंनी मठांच्या भिंती, सगळे दरवाजे सारखे. तीन चुकीच्या मठांत शिरले. तिसऱ्या मठात तर मला पाहुणी समजून चहा दिला. प्यायले.

आपल्या मठात पोचले तेव्हा दोन वाजायला आले होते, आपली वेळ एकची होती. गुरुजी रागावले नाहीत. (रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "इथे सगळे उशिराच येतात, काही तर मेल्यावर येतात.") त्यांनी मला बसायच्या खोलीत नेलं आणि तिथे कोण बसलं होतं, ते तू ओळखलं असशील. मोरिवाकीबाईंनी आधी मला पाहिलं, मग खोक्याकडे, मग भिंतीवरच्या बुद्धाकडे. नवरा तोंड उघडणार एवढ्यात त्यांनी त्याच्या मांडीवर चापट मारली. मग मला म्हणाल्या, "बसा. आईंना गादीवर ठेवा, फरशी थंड आहे." त्या सासूच्या तेविसाव्या वर्षाच्या विधीला आल्या होत्या. म्हणाल्या, जिवंत होती तेव्हा एक शब्द धड बोलत नव्हती, आता मी बोलते आणि ती ऐकते, म्हणून दर वेळी हौसेनं येते.

गुरुजींनी वही उघडली. म्हणाले, "उएमात्सु. मिझुए आणि चिझुरु. दोघी ना? दुसऱ्या कुठे आहेत?"

ताई, फोन करून नाव तू नोंदवलं होतंस. ऐकणाऱ्याची चूक झाली असं तू म्हणशील. पण तुझ्या हातून तीस वर्षांत एक रकाना चुकीचा भरला गेलेला नाही, हे तूच सगळ्यांना सांगतेस. मी त्या वहीतल्या तुझ्या नावाकडे बघितलं आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, "येतेय. पुढच्या बसनं."

मग आम्ही पुढच्या बसची वाट बघितली. मोरिवाकी स्वतःहून दारात जाऊन उभे राहिले. परत येऊन म्हणाले, "चार परदेशी उतरले. त्यांतली कुणी तुमची बहीण नाही ना?" मग त्याच्या पुढची बस. "एक बाई उतरल्या. मी विचारलं, मिझुए का? त्या घाबरून समोरच्या मठात शिरल्या." तिसऱ्या बसच्या वेळी ते नुसतेच आत येऊन बसले. बाईंनी माझ्या कपात चहा ओतत हळूच विचारलं, "येणार नाहीये ना?" मी म्हटलं, गुडघा दुखतो तिचा. त्या म्हणाल्या, "दुखणारच. सासूच्या पहिल्या वर्षाला माझाही दुखला होता." यावर मला तुझी बाजू घेऊन भांडावंसं वाटलं, ते का, ते माहीत नाही.

साडेतीन वाजता गुरुजी उठले, कारण रात्रीच्या मुक्कामाचे पाहुणे यायचे होते. एकूण काय, तुझ्या कागदाशिवाय, तुझ्याशिवाय, एका तासाच्या उशिरानं का होईना, पण आईला मी कोयासान दाखवून आणलं. तब्येतीला जप. मुळे एका वेळी एकच आणत जा.

तुझी,
चिझुरु

ता. क. सोबतच्या पार्सलात पाच पर्सिमन आहेत. आईंसाठी दिलेले आहेत, म्हणून तुझ्याकडेच पाठवते, तिचं शेवटचं घर तेच होतं. अजून कडक आहेत.

आणखी एक. वर "दाखवून आणलं" असं लिहिलं आहे, ते तुझ्या नजरेतून सुटलं नसेलच. आई माझ्याकडे आहे. ठेवली नाही. गुरुजींनी डबी घ्यायला हात पुढे केले आणि मला ती देता येईना. रागावण्याआधी पुढचं वाच. स्मशानात ते हाड आपण दोघींनी मिळून रिवाजाप्रमाणे काड्यांच्या चिमटीत उचललं होतं, तुझ्या काड्या आणि माझ्या काड्या, एकाच वेळी. तू पुटपुटली होतीस, "घट्ट धर." तेव्हा माझा हात स्थिर होता आणि थरथरत होता तो तुझा, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. दोघींनी उचललेलं एकटीनं कसं ठेवायचं, ते तुझ्या कागदावर लिहिलेलं नव्हतं. सध्या ती पुस्तकांच्या कपाटावर आहे, खिडकीकडे तोंड करून. सकाळचा पहिला चहा तिच्यापुढे ठेवते. जिवंतपणी मी तिला कधी चहा करून दिला असेल तर मला आठवत नाही. तुला आठवत असेल तर कळव.

शेवटचं. गुरुजींनी सहा डिसेंबर दिला आहे, बर्फ पडायच्या आधी, दुपारी एक वाजता. नावं मी खोडू दिली नाहीत. सोबत परतीचं पोस्टकार्ड जोडलं आहे, पत्ता घालून. त्यावर "येणार" आणि "येणार नाही" असं दोन्ही छापलं आहे, नको असेल त्यावर नेहमीसारख्या दोन रेघा मारायच्या. कुठल्या शब्दावर मारशील ते मला माहीत आहे, पट्टी लावून मारशील हेही माहीत आहे. तरी विचारते. सहा तारखेला माझ्याबरोबर ये.