शास्त्र माझ्याकडे

श्री

मळ्यातली वस्ती, सोनईजवळ
ता. १६ मार्च १९७१

चि. सौ. छबूबाईस दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि. तुझं पत्र संक्रांतीचं, आणि मी उत्तर लिहितोय होळी झाल्यावर. उशिराबद्दल राग धरू नकोस. मध्ये एकदा लिहायला बसलो होतो, तेवढ्यात आपल्या धाकट्या नातीनं, दगडीनं, दौतीतली शाई प्यायली. तिला काही झालं नाही. पण पुढं दोन दिवस मी तिची जीभ बघण्यात घालवले आणि पत्र राहिलं.

इकडची हकीकत अशी. वस्तीवरच्या शाळेत एकच गुरुजी होते. त्यांची दिवाळीत बदली झाली, दुसरे अजून आले नाहीत. सोनईच्या शाळेत मधेच घेत नाहीत. सूनबाई रतन पोटुशी आहे आणि डॉक्टरांनी तिला अंथरुणावरून उठू नको म्हणून सांगितलंय, त्यामुळं ती नगरजवळ नागापूरला कानिफच्या खोलीवर आहे. चारही पोरं माझ्याकडं. कानिफ मागं रविवारी आला तेव्हा पोरं चिंचेवर होती. तो म्हणाला, आबा, ही रानटी व्हायला लागली, जूनमध्ये मोठी तिघं नगरच्या बोर्डिंगात टाकतो. मी म्हणालो, मी घरी शिकवतो. तो माझ्याकडं बघत राहिला. शेवटी असं ठरलं की जूनमध्ये सोनईचे हेडमास्तर तिघांची परीक्षा घेतील. तिघंही पास झाली तर इथंच राहतील. एक जरी नापास झालं तर तिघंही नगरला. तुला ठाऊकच आहे, तुझी वहिनी गेल्यापासून हे घर म्हणजे ही पोरंच आहेत. कानिफ बोलून गेल्यापासून जेवण जात नाही.

माझं शिक्षण मराठी तिसरी, तेही सुगीपर्यंत. पण रीत मी विचार करून बसवली आहे. घरात कामं कशी वाटलेली असतात? जो पाणी भरतो तो भाकरी थापत नाही, आणि तरी सगळे पाणी पितात, सगळे भाकरी खातात. तसे विषय वाटले. मुक्ता स्वयंपाक करते, तिला मोजमापाची सवय, म्हणून गणित तिच्याकडं. बन्सीकडं गाय आणि गोठा. गाय चरताना त्याला बसायला सवड असते, म्हणून मराठी त्याला. राधाकृष्ण शेळ्यांमागं हिंडतो, तो तसाही घरात नसतो, त्याला भूगोल आणि इतिहास. शास्त्र उरलं, ते मी माझ्याकडं घेतलं. पुस्तकाची काही पानं दगडीनं फाडली आहेत, त्यामुळं लवकर संपेल.

तिघंही आपापल्या विषयात तयार होत आहेत. तरी मला काळजी वाटते, ती कशाची ते सापडत नाही. सापडलं तर तू कळव. यजमानांस नमस्कार सांग. या म्हाताऱ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा
सहादेवदादा

—

श्री

संगमनेर
ता. २९ मार्च १९७१

ती. दादांस सौ. छबूचा शि. सा. न. वि. वि. तुमचं पत्र ह्यांना जेवताना वाचून दाखवलं. शास्त्रापाशी आल्यावर ह्यांचा घास हातातच राहिला. मग म्हणाले, तुझ्या दादांना परीक्षेला कितवीत बसवणार आहेत ते विचार.

दादा, तुमची काळजी मला सापडली. हेडमास्तर घराची परीक्षा घेत नाहीत. ते एकेका पोराला वेगळं उभं करतात आणि प्रत्येकाला सगळं विचारतात. बन्सीला पाढा आला नाही तर मुक्ताला येतो म्हणून त्याला मार्क देत नाहीत. तुम्ही बैल वाटावेत तसे विषय वाटून बसलात. लहानपणी माझी पाटी तुम्ही लिहायचात आणि तुमच्या शेळ्या मी वळायची, तेव्हापासूनची ही तुमची खोड आहे. त्यात पास मी झाले, पण तेव्हा मला आल्या त्या शेळ्याच.

अजून दोन महिने हातात आहेत. ज्याला जे येतं ते त्यानं बाकीच्यांना शिकवू दे. आणि मुक्ताच्या हातातली परात थोडा वेळ दुसऱ्या कोणाच्या हातात द्या, ती अकरा वर्षांची आहे. आमची म्हैस व्यायली, रेडा झाला, त्यामुळं ह्यांचं तोंड उतरलं आहे. बाकी ठीक. रागावू नका, आणि रागावलात तरी लिहा.

तुमची
छबू

—

श्री

मळ्यातली वस्ती
ता. २५ एप्रिल १९७१

चि. सौ. छबूबाईस अनेक आशीर्वाद. वि. वि. तुझं पत्र वाचलं. एवढी साधी गोष्ट माझ्या ध्यानात कशी आली नाही? श्रीमंताला विचारलं, शेजारचा श्रीमंत, तो म्हणाला त्यालाही माझी रीत बरोबरच वाटली होती. त्यानं धीर आला नाही.

लगेच तिघांना ओट्यावर एका रांगेत बसवलं आणि एकमेकांना शिकवायला सांगितलं. जमेना. मुक्ताच्या हातात पीठ नसलं तर तिला सतरा चोक आठवत नाही. बन्सीला कविता येते, पण गाईकडं तोंड करून. विषय कामाला चिकटून बसले आहेत. एक काढायला गेलं की दुसरं निघून येतं. तेव्हा मी कामंच फिरवली. आता आठवड्याला प्रत्येकाचं काम बदलतं आणि कामासोबत विषयही येतो. आधीचा जो असेल तो नव्याजवळ उभा राहून दोन्ही शिकवतो.

बन्सीनं थापलेली पहिली भाकरी चारी बाजूंनी फाटली. राधाकृष्णानं तिच्यावर मुंबई आणि नागपूर कुठं येतं ते दाखवलं, तेवढी भूगोलाची उजळणी झाली. नागपूर जळलं होतं. मुक्ता शेळ्या घेऊन गेली आणि झाडाखाली इतिहासाचं पुस्तक वाचत बसली, तोवर शेळ्यांनी श्रीमंताच्या लसूणघासाचा अर्धा वाफा खाल्ला. श्रीमंत भांडायला आला. त्या वेळी राधाकृष्ण भांडी घासत मुक्ताला पुरंदरचा तह सांगत होता. श्रीमंत उंबऱ्यावर टेकला, तहात किती किल्ले गेले ते ऐकून फार हळहळला आणि भांडण न करताच गेला. दुसऱ्या दिवशी पुढं काय झालं ते विचारायला आला.

मुक्ता आता सारखी वाचते. दूध उतू जातं. मी काही बोलत नाही, खाली बसून पुसून घेतो.

शास्त्राचं मात्र तसंच आहे. माझं काम म्हणजे काळजी करणं, ते कोणाला फिरवून देता येत नाही. तेव्हा शास्त्रही माझ्याकडंच राहिलं. हे चालेल का? तू समोर असतीस तर रागावली असतीस, तेही बरं वाटलं असतं. जिव्हाळा आहे तसाच ठेव.

सहादेवदादा

—

श्री

नागापूर
ता. ३ जून १९७१

ती. आबांस बालक कानिफनाथचा शि. सा. न. वि. वि. रतन गेल्या आठवड्यात सुखरूप बाळंत झाली, मुलगा आहे. दोघं बरी आहेत. सव्वा महिना झाला की घरी आणतो. परीक्षा बाराला आहे. मी रजा काढून येतोय, म्हणजे तुम्ही खिडकीतून उत्तरं सांगणार नाही. बोर्डिंगात तिघांची जागा सांगून ठेवली आहे. मनाला लावून घेऊ नका, नगर काही लांब नाही. मी तुमच्यावर रागावून हे करत नाही. माझं स्वतःचं सातवीत राहिलं, ते तुम्हाला ठाऊक आहे. पोरांना माझे अनेक आशीर्वाद.

आपला
कानिफ

—

श्री

मळ्यातली वस्ती
ता. ३० जून १९७१

चि. सौ. छबूबाईस अनेक आशीर्वाद. वि. वि. परीक्षा होऊन पंधरवडा उलटला आणि मी आता लिहितोय. झालं ते सांगतो.

हेडमास्तरांनी तिघांना समोर उभं केलं. मी आणि कानिफ दाराशी. राधाकृष्णाला पाढा विचारला तेव्हा त्यानं दोन्ही हात पुढं करून हवेत भाकरी थापली आणि पाढा बरोबर म्हटला. हेडमास्तरांनी हातांकडं पाहिलं आणि बन्सीला नद्या विचारल्या. बन्सीनं नद्या सांगितल्या. मुक्तानं धडा असा वाचला की शेजारचा वर्ग झाडणारे शिपाई येऊन उभे राहिले. मला वाटलं, निभावलं.

मग त्यांनी शास्त्र काढलं. पाणी उकळलं की कमी का होतं, असं बन्सीला विचारलं. तिन्ही पोरं मागं वळली आणि माझ्याकडं बघू लागली. हेडमास्तरही बघू लागले. कानिफनं माझी बाही धरली. मुक्तानं त्यांना सरळ सांगून टाकलं की शास्त्र आमच्या घरात आबांकडं आहे, त्यांना विचारा, त्यांना येतं.

छबू, मी बाही सोडवून पुढं झालो आणि पाण्याची वाफ होते म्हणून सांगितलं. त्यांनी मान हलवली. मग फुलाचं फळ कसं होतं ते विचारलं. ते पान आमच्या धाकटीनं खाल्लं आहे, असं मी सांगितलं. हेडमास्तरांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला. शेवटी म्हणाले, तिघांनाही घेतो, शास्त्र आम्ही इथं शिकवू, आजोबांनी तेवढं ओझं खाली ठेवावं.

येताना ओढ्यापाशी थांबून कानिफनं पायातलं काढलं, पाणी तोंडावर मारलं आणि म्हणाला, बोर्डिंगात नाही म्हणून कळवतो. मी हो म्हणालो.

आता खरी गोष्ट. शाळा सुरू होऊन दोन आठवडे झाले. पोरं सकाळी भाकरी बांधून निघतात ती दिवेलागणीला येतात, आणि जेवता जेवता झोपतात. मी पोरं घरी राहावीत म्हणून त्यांना शिकवलं, आणि शिकली म्हणून ती घरातून गेली. बोर्डिंगाची भीती एवढी होती की रोजच्या शाळेचा विचार केलाच नव्हता. दुपारी गाय ओरडते तेवढाच आवाज. दगडी दाराशी पाटी मांडून बसते आणि माझ्याकडून धड्याची वाट बघते, पण तिला अक्षर ओळखता येत नाही आणि मला सुरुवात कुठून करायची ते कळत नाही. मोठ्यांना मी मधूनच शिकवलं होतं.

रतन पुढच्या आठवड्यात येईल, पण बाळंतिणीला माझ्याशी बोलायला वेळ कुठला. तुझी म्हैस यजमानांना सांभाळता येत असेल तर आठ दिवस ये. येणार की नाही ते लगेच लिही. नाही म्हणालीस तरी चालेल, पण लवकर लिही, वाट बघण्याचं एक काम अंगावर आहे ते तरी उरकेल.

तुझा
सहादेवदादा