पंख्यांवरची नावे

आमली, सिल्वासा
मार्गशीर्ष शुद्ध षष्ठी (म्हणजे काल मोजली तेव्हा होती)

तीर्थस्वरूप भास्करराव भाऊजी यांस,

प्रसादचा साष्टांग नमस्कार. आपले गुडघे आता पायऱ्यांशी बरे वागत असतील, अशी आशा आहे. विजयाताईलाही नमस्कार. इकडे सर्व कुशल होते; गेल्या मंगळवारपर्यंत.

आमचे वाचनालय आपणांस ठाऊकच आहे. (आपले पुस्तक तिथे हरवल्यापासून 'पै देणार नाही' ही आपली प्रतिज्ञाही ठाऊक आहे. सल्ले मात्र भरघोस मिळतात.) धर्मादाय म्हणून त्याला घरपट्टी माफ असते. यंदा घरपट्टीच्या कचेरीतले कल्पेशभाई म्हणाले, देणगीदारांची नावे-पत्ते द्या, नाहीतर दुकानाच्या दराने पट्टी लावतो. म्हणजे वाचनालयाला कुलूपच. कोणत्या नियमाने, असे विचारले, तर म्हणाले, "मास्तर, ऊपर से आया है." वरून पाऊस येतो एवढेच मला आजवर माहीत होते.

मी चार पानी उत्तर दिले. पावत्या पाहा, हिशेब पाहा, करदात्याला कारण लेखी द्या. पण दात्याचे नाव ही त्याची ठेव आहे, ती परस्पर देता येत नाही. मध्ये दोन संस्कृत श्लोक घातले. (माझेच आहेत. पण वजन पडते.)

हा हट्ट एका व्यक्तीसाठी होता. आमच्या दारात थंड पाण्याचा कूलर आहे. पाळी सुटली की कारखान्यांतले कामगार तिथे बाटल्या भरतात. तो देणाऱ्या व्यक्तीने मला शपथ घातली होती, की नाव फुटले तर घरात महिनाभर अबोला. मी शब्द दिला होता.

मंगळवारी कल्पेशभाई तपासणीला आले. मी खुर्ची दिली आणि गुप्तदानाच्या महतीवर बोलू लागलो. अर्ध्या तासाने पाहतो तर ते वर बघून काहीतरी उतरवून घेताहेत. मीही वर पाहिले. प्रत्येक पंख्याच्या पात्यावर तांबड्या रंगात 'कै. मातोश्रींच्या स्मरणार्थ' आणि पुढे देणाऱ्याचे नाव, गावासकट. मग बाके, कपाटे, घड्याळ. (घड्याळावर नाव एवढे मोठे आहे, की वेळ शेजारच्याला विचारावी लागते.) फिरत्या पंख्यावरचे नाव त्यांना वाचता येईना, तेव्हा आमच्या तानूबाईंनी झाडू खाली ठेवून पंखा आपणहून बंद करून दिला. माझे प्रवचन चालूच होते. रंगाऱ्यालाही मीच बोलावले होते, हे वेगळे.

कूलर मात्र कोरा. कल्पेशभाई त्याच्याभोवती दोनदा फिरले, खालूनही वाकून पाहिले.

"आ कोणे आप्युं, मास्तर?"

"पाणी प्या. नाव नाही सांगणार."

ते दोन ग्लास प्यायले आणि दुकानाच्या दराची नोटीस ठेवून गेले.

सुनावणी कचेरीच्या प्रमुख अलकाबाईंपुढे झाली. त्यांनी माझी चार पाने (श्लोकांसकट) बाजूला सारली आणि कल्पेशभाईंना माझाच प्रश्न विचारला, नियम कुठे आहे? कल्पेशभाई सवयीने छताकडे पाहू लागले. तिथे पंखा होता, पण त्याच्यावर काही लिहिलेले नव्हते. माफी कायम झाली, उतरवून घेतलेली यादी माझ्यादेखत फाडली. भाऊजी, ते एक नाव आता माझ्याबरोबरच चितेवर जाईल.

आपला कृपाभिलाषी,
प्रसाद

ता. क. कूलर परवापासून गरम पाणी देतो आहे. हमीचे आठच दिवस उरलेत आणि कंपनीला मूळ बिल हवे. ते ताईच्या कपाटात, शालूच्या घडीत असावे. तिला न विचारता काढून पाठवावे.

ता. ता. क. पत्र पुन्हा वाचले आणि काय लिहून बसलो ते कळले. आमलीच्या पोस्टात दुसरे अंतर्देशीय शिल्लक नाही. वरचा ता. क. आपण वाचलेला नाही असे समजावे. अबोला धरायचाच असेल, तर बिल टपालात टाकून मग धरावा.