झोळीचे साडेतीनशे ग्रॅम

३ जुलै २००१, मंगळवार
आज वजनं. पंचवीसच्या पंचवीस पोरं आली, घोंगड्यांत गुंडाळून. पोरं काट्याला टांगायची सरकारी चड्डी जूनमध्येच फाटली. नवी मागितली, पत्ता नाही. शेवटी हिराबाईच्या (माझी मदतनीस) जुन्या लुगड्याची दुहेरी झोळी शिवली. परवा घरी चुलीपाशी बसून रिकाम्या झोळीला काटा शून्यावर जुळवला. सहा वर्षं अंगणवाडी चालवते, पहिल्यांदा स्वतःचं डोकं चालवलं.
दर तिसरं पोर झोळीत मुततं. हिराबाई खळबळून पिळायची, परत टांगायची. काटा माळ्याला टांगलेला, तिथे उजेड नाही, मान वर करून करून माझ्या मानेचाच काटा मोडायची वेळ आली.
मंगल, तिसरं वर्ष चालू, ८.५ किलो. जूनला ८.२ होती. तिच्या वयाला तक्त्यात १३.९ हवं. भागाकार तीनदा केला. ६१ टक्के! साठाच्या वर, म्हणजे तीव्र कुपोषणाची तिसरी श्रेणी सुटली, दुसरीत आली. वाडीत तिसऱ्या श्रेणीत ती एकटीच होती.
तिच्या आईला, येसूबाईला सांगितलं. तोंड वाकडं. "बाई, मला तर उचलाय तशीच लागती. दोन पायल्या तांदूळ उचलते ना, तेवढीच." मी म्हटलं, काटा काय खोटं बोलतो का.

६ जुलै
मासिक पत्रक परत आलं. मुख्यसेविका मॅडमनी लाल शाईने रेघ मारलीय. जूनमध्ये मंगलला सुकडी दुप्पट होती, ८० ग्रॅमच्या जागी १६०. "आहारातील वाढ, टक्के" या रकान्यात मी २०० लिहिलं. मॅडम म्हणे १००. दुप्पट म्हणजे शंभर टक्के वाढ, मूळचं धरायचं नाही. बरं, नाही धरत. मग खालच्या रकान्यात "मूळच्या किती टक्के" लिहिलंय, तिथे २००. एकाच वाटीचे दोन आकडे, आणि मूर्ख कोण, तर मी.
दहावीला गणितात ३५ होते. काठावर पास म्हणजे काय ते मला कुणी शिकवायला नको.
मंगल आता दुसरीत, म्हणून दुप्पट बंद. नियमच आहे. आजपासून एकच वाटी.

८ ऑगस्ट
काल वजनं झाली. मंगल ८.६. दुसऱ्या श्रेणीतली चार पोरं पहिलीत. सगळ्यांचीच चांगली.
मंगल वाटी चाटून पुसून परत पुढे करते. हिराबाईने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, नाही.

२२ ऑगस्ट
तालुक्याची मीटिंग. पहाटेपासून धुक्यात उभं राहून जीप पकडली, नऊवारी गुडघ्यापर्यंत ओली. पण आज चीज झालं. मॅडमनी उठवून उभं केलं. "या वाडीत तीव्र कुपोषणात शंभर टक्के घट." टाळ्या. आदर्श अंगणवाडीसाठी आमचं नाव पाठवणार.
शंभर टक्के म्हणजे एक. एक होती, शून्य झाली. आणेपठाराकडच्या बाई शेजारी बसल्या होत्या, त्यांची सात वरून पाच झाली, म्हणजे दोन पोरं वर काढली, त्यांना म्हणे फक्त अठ्ठावीस टक्के. त्या माझ्याकडे बघत होत्या. मी बघितलं नाही.
खरं सांगायचं तर टाळ्या आवडल्या. फार आवडल्या.

५ सप्टें.
मंगल ८.६ च. तक्ता मात्र १४.१ वर गेला. ६०.९९. मी ६१ लिहिलं.
येसूबाई परत तेच, "तशीच लागती उचलाय." म्हटलं, तुमचे हात काय सरकारी आहेत का. नको होतं बोलायला.

९ ऑक्टो.
पाऊस उघडून आठवडा झाला. आज वजनं घेतली आणि डोकं फिरलं. सगळी पोरं उतरली. सगळी! कुणी ३०० ग्रॅम, कुणी ४००. सरपंचांचा नातू, खाऊन खाऊन गाल सुटलेला, तोही १४.४ वरून १४. मंगल ८.२.
हिराबाईवर ओरडले. वाटायला कमी देतेस का, घरी नेतेस का. तिने झोळी घडी करून ठेवली आणि निघून गेली.

१० ऑक्टो.
हिराबाई आली नाही. मी एकटीच.
दुपारी एक किलोची मिठाची पुडी झोळीत टांगली. बरोबर १. मग काय सुचलं कुणास ठाऊक, झोळी बादलीत बुडवली, पिळली, परत पुडी टांगली. दीड. तासभर सावलीत ठेवून परत. १ किलो ३५०.
तिथेच पाटावर बसले.
जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर. झोळी कधी वाळलीच नव्हती. रिकाम्या झोळीला काटा कुठे उभा आहे ते मी तीन महिने एकदाही पाहिलं नाही. एकदा जुळवला, परत कशाला, असं. पोरांची वजनं नाही वाढली, लुगड्याचं वाढलं.
संध्याकाळी कागद घेऊन मांडलं. साडेतीनशे ग्रॅम सरपंचांच्या नातवाला अडीच टक्के. मंगलला सव्वाचार. झोळी एकच, पाणी तेवढंच, पण जे पोर बारीक त्याला जास्त फुगवलं. आणि फुगवायला नेमकं साठाच्या काठावरचं.
जून ८.२. ऑक्टोबर ८.२. चार महिन्यांत पोर ग्रॅमभर वाढली नाही आणि मी टाळ्या घेतल्या. तिची वाटी मी बंद केली. मीच. येसूबाईचे हात बरोबर होते.

११ ऑक्टो.
आधी हिराबाईच्या घरी गेले. माफी मागितली. "लुगडं माझंच व्हतं," एवढंच म्हणाली, आणि चहा टाकला. आता काय, सगळं जग चांगलं, मीच वाईट.

१५ ऑक्टो.
मॅडमकडे गेले. सगळं सांगितलं, झोळी, मीठ, सगळं. मंगलला तिसऱ्या श्रेणीत घ्या, दुप्पट चालू करा.
मॅडम वाईट नाहीत. मला बसवलं, पाणी दिलं. म्हणाल्या, चूक झाली असं लिहू नका, तीन महिन्यांची पत्रकं खोटी ठरतील, नाव वर गेलंय. ऑक्टोबरमध्ये वजन उतरलं एवढंच लिहा. बरं म्हटलं, तसं तर तसं. पोराला वाटी मिळाल्याशी मतलब.
मग पत्रक काढलं. "मागील महिन्याच्या तुलनेत वाढ/घट, टक्के." मागच्या महिन्यात शून्य, या महिन्यात एक. मॅडमनी कॅल्क्युलेटर घेतला. एक भागिले शून्य. पडद्यावर E. परत केलं. E.
"हे बसत नाही हो कुठे," त्या म्हणाल्या. रकाना रिकामा ठेवला तर पत्रक परत येतं. शंभर लिहिलं तर खोटं. मग हळूच म्हणाल्या, "सध्या तिसऱ्या श्रेणीत शून्यच असू दे. पुढच्या महिन्यात बघू."
म्हणजे जायला शंभर टक्के आणि परत यायला आकडाच नाही. जीपमध्ये रडू आलं. शेजारी गवार घेऊन बसलेली बाई म्हणाली, लई लांब जायचंय का. म्हटलं, हो.

१७ ऑक्टो.
पोरं पंचवीस. मंगल सोडून चोवीस. तिला ८० ग्रॅम जास्त हवेत. ८० भागिले २४, साडेतीनच्या आत. म्हणजे प्रत्येकाच्या वाटीतून चार टक्के. काटा तेवढं दाखवतही नाही.
हिराबाईला सांगितलं, प्रत्येकाच्या वाटीतून चिमूटभर काढायची.
"चिमूट म्हंजी किती गिराम?"
"तीन. सव्वातीन."
तिने चिमूट घेतली, बघितली, थोडी परत टाकली.
चोवीस पोरांचं त्यांना न विचारता काढतेय. हेही लबाडीच आहे, मला कळतंय. तालुक्याची लबाडी कागदावर होती, ही वाटीत आहे.

६ नोव्हें.
झोळी वाळलेली. आधी रिकामी टांगली, काटा बघितला, हिराबाईलाही बघायला लावला. मग पोरं.
मंगल ८.५. खरे! तीनशे ग्रॅम, बिनपाण्याचे. तक्ता १४.३. ५९.४ टक्के. साठाला ८० ग्रॅम कमी पडले. एक वाटी सुकडी. हसावं का रडावं.
येसूबाईने तिला कडेवर घेतलं, जरा थांबली. "आज जड लागती हां." मी तिच्याकडून दोन पायल्या तांदूळ मागवून काट्याला लावले. आठ किलोला थोडे कमी. चार महिने ती मला हेच सांगत होती, तिच्या मापात. मी किलोत ऐकत बसले.
चार महिने असंच चाललं तर...

२० नोव्हें.
दिवाळी झाली. येसूबाई आणि तिचा नवरा पिंपरी पेंढारला निघाले, कांदा लागणीला. दर साली जातात, होळीला येतात. मला माहीत होतं, तरी म्हटलं, मंगलला इथे ठेवा, माझ्याकडे ठेवा. ती म्हणाली, "अंगावर पेती अजून. कशी ठेवू?" बरोबरच आहे.
तिथल्या अंगणवाडीच्या बाईंना चिठ्ठी लिहिली. वय, ८.५ किलो, ५९.४ टक्के, तिसरी श्रेणी, दुप्पट द्यावे. खाली सही, शिक्का. त्या बाई मानतील की नाही. पत्रकात तर ती शून्यात आहे. चिठ्ठी येसूबाईने चोळीत खोचली, तिथे ती घामाने भिजणार.
निघताना म्हटलं, होळीला याल तेव्हा अडीच पायल्या करून आणा. तिने मंगलला जरा उचलून अंदाज घेतला, मान डोलावली. अडीच पायल्या म्हणजे दहा किलोच्या आसपास. तोवर तक्ता १४.७ वर जाईल. अडुसष्ट टक्के. चालेल.

२९ नोव्हें.
उद्या पत्रक द्यायचंय. गावाबाहेर गेलेलं नाव कमी करायचं, हा नियम. आता पोरं चोवीस. तिसऱ्या श्रेणीत एकही नाही. आकडा आपोआप खरा झाला, कुणालाही भागाकार अडणार नाही. मॅडमचा निरोप आलाय, आदर्शची तपासणी पुढच्या महिन्यात, भिंत रंगवून घ्या.
वाटताना हिराबाईने सवयीने चोवीस वाट्यांतून चिमूट चिमूट काढली. ताटलीत एक वाटी जमा झाली. आम्ही दोघी तिच्याकडे बघत बसलो.
पत्रकात तिसरी श्रेणी, टक्के: शून्य भागिले चोवीस. हे येतं मला. अजून लिहिलेलं नाही.