मीराबाईंची सही

जयपूर,
रविवार, ता. १८ डिसेंबर २००५

प्रिय दादा,

सविनय जयभीम. वहिनींनाही सांग. आम्ही तिघंही बरे आहोत. इकडे थंडी चांगलीच पडली आहे. तुझ्या गुडघ्याचं मावशीच्या सुनंदाकडून कळलं. तेल लावून भागणार नाही, एकदा फोटो काढून घे. हे मी बहीण म्हणून नाही, नर्स म्हणून सांगते.

आता बातमी. आम्ही घर घेतलं. भाड्याचं नाही, रेल्वेचं नाही, आमचं स्वतःचं. मागच्या रविवारी राहायलाही आलो, आणि आठ दिवस झाले तरी मी जिना चढताना मनात म्हणते, हा माझा जिना.

हे मार्चमध्ये रिटायर होतात, म्हणजे क्वार्टर सोडावं लागणार. आधी आम्ही जवाहर नगरकडे पाहिलं, मग राजा पार्कच्या मागे. दोन ठिकाणी सगळं ठरत आलं आणि आडनाव विचारल्यावर घर "अभी-अभी निकल गया." तुला वेगळं सांगायला नको. ह्यांनी तर जाहिराती वाचणंच सोडलं. मग आमच्या वॉर्डात एक म्हातारे पेशंट आले, कौशिकजी म्हणून. परकोट्यात, म्हणजे जुन्या शहरात, चांदपोलजवळ त्यांचं तीन मजली घर. बायको गेलेली, गुडघे गेलेले, वरचा मजला विकायचा होता. मी आडनाव पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं. ते म्हणाले, "सिस्टरजी, रात को बेडपैन आपने दिया था, तब मैंने पूछा था क्या?"

दादा, गल्ली इतकी अरुंद आहे की समोरच्या बाईने हात लांब केला तर आपल्या खिडकीत वाटी ठेवता येते. ठेवतेसुद्धा. काल गाजराचा हलवा आला. खाली संगमरवराच्या मूर्ती घडवणारे कारागीर आहेत. सकाळी आठपासून छिन्नीची टकटक, आणि वाळत घातलेल्या साड्यांवर पांढरी धूळ. पहिल्याच दिवशी गच्चीवरून पाहिलं तर खाली ओळीने सात बुद्धमूर्ती मांडलेल्या. नाक-डोळे अजून व्हायचे होते, पण बसण्यावरून ओळखू आल्या. सोनम धावत खाली गेली आणि कोणती कुठे जाणार ते विचारून आली. दोन जपानला जाणार आहेत.

सामान आणलं तेव्हाची गंमत ऐक. टेम्पो बाजारातच थांबला, पुढे हातगाडी. कपाट जिन्याच्या पहिल्या वळणावर अडकलं. हे "वापस ले चलो" म्हणत होते, तेवढ्यात कारागीर हातातलं काम टाकून आले. मूर्ती चढवायचे दोर आणले, कपाट बाहेरून गच्चीवर ओढलं. प्रत्येक खिडकीतून एक माणूस सूचना देत होता. आडनाव दोघांनी विचारलं, मी सांगितलं. एक बाई खिडकीतून आत गेली, आणि अजून बोलत नाही. बाकीचे कपाटाकडेच बघत होते. माझं हॉस्पिटल चालत वीस मिनिटांवर. पाणी सकाळी एक तास येतं, तेवढ्यात अख्खी गल्ली जागी.

पण घर सहज मिळालं नाही, आणि तेच तुला सांगायचं आहे.

घर कौशिकजींच्या वडिलांचं. त्यांना एक धाकटी बहीण, मीराबाई, चौमूंला दिलेली. तिचाही वाटा. इकडे बहिणी भावासाठी सही करून वाटा सोडतात, त्याला हकत्याग म्हणतात. मीराबाईंनी बारा वर्षं केला नव्हता. सगळे कागद तयार, आणि कौशिकजी म्हणाले, "वो नहीं करेगी. आप दूसरा मकान देख लो." कारण विचारलं तर तोंड फिरवलं.

मी तीन दिवस चिडचिड केली. मग सुट्टी टाकली आणि सोनमला घेऊन चौमूंच्या बसमध्ये बसले. ह्यांना वेड लागल्यासारखं वाटलं. परक्या घरच्या भांडणात आपण कशाला, म्हणाले.

मीराबाई अंगणात मेथी निवडत होत्या. साठीच्या, ताठ बसलेल्या. मी कोण ते सांगितलं. त्यांनी चहा करायला सांगितला, माझ्यासमोरही एक जुडी सरकवली, आणि आम्ही दोघी निवडत बसलो. मग त्या बोलल्या. मुलीच्या लग्नात इकडे मामा भात घेऊन येतो. भात म्हणजे बहिणीला, तिच्या घरच्यांना कपडे, चुनरी. बहीण दारात ओवाळायला उभी राहते. आपल्या मुलीच्या लग्नात मीराबाई ताट घेऊन दुपारपर्यंत उभ्या होत्या. कौशिकजींनी सामान नोकराबरोबर पाठवलं. तेव्हा त्यांचं कशावरून तरी मेहुण्यांशी बिनसलं होतं.

"मकान का मैं क्या करूंगी?" त्या म्हणाल्या. "बारह साल में चार बार कागज भेजा उसने. खुद एक बार नहीं आया."

मी जुडीतली पुढची काडी उचलली. तर त्यांनी विचारलं, "थारे भाई है?"

"है. अकोला में."

"आवै है?"

आणि दादा, मी म्हणाले, "हां, हर साल आते हैं."

सोनम माझ्याकडे बघत राहिली. परतीच्या बसमध्ये तिने विचारलं, "मम्मी, मामाजी कब आए थे?" ती नऊ वर्षांची असताना तू तिला शेवटचं पाहिलंस. आज वीस वर्षांची आहे. मी तिला सगळं सांगितलं. माझ्या बाजूने सांगायला सुरुवात केली आणि मध्येच माझी बाजू मलाच नीट सांगता येईना.

आई चार दिवस दवाखान्यात होती आणि तुझा फोन पाचव्या दिवशी आला, सगळं आटोपल्यावर. अकोल्याच्या मे महिन्याच्या उन्हात तू आईला माझ्यासाठी ठेवू शकत नव्हतास, हे नर्सला कळत नाही असं नाही. पण आधीचे चार दिवस? दुसऱ्यांच्या आयांच्या उशाशी मी रात्री काढत होते, आणि माझ्या आईच्या उशाशी नव्हते. तू आपल्या घराच्या हक्कसोडाचे कागद पाठवलेस तेव्हा मी पाकीट फोडलं, वाचलं, कपाटात ठेवलं. दुसऱ्या वेळी तेच. तिसरं फोडलंच नाही. सही नसल्यामुळे तुला वरची खोली बांधता आली नाही, पावसाळ्यात पत्र्याखाली भांडी मांडावी लागतात, हे सुनंदा सांगायची. मी ऐकून घ्यायचे आणि विषय बदलायचे. खरं सांगते, कधी कधी ऐकून बरंही वाटायचं.

चौमूंहून आल्यावर मी थेट कौशिकजींकडे गेले. म्हटलं, कागद नको, तुम्ही जा. ते म्हणाले, मुझे शर्म आती है. मी म्हटलं, शर्म येऊ द्या, पण जा. दोन दिवसांनी जीप केली, चुनरी घेतली आणि त्या गुडघ्यांनी गेले. तिकडे काय झालं ते दोघांनीही सांगितलं नाही. पण रजिस्ट्रीच्या दिवशी मीराबाई तीच चुनरी पांघरून आल्या, जोहरी बाजारात घेवर खायचा हट्ट धरला, आणि कचेरीच्या पायरीवर भावाला हात देऊन चढवलं. सही करताना मला म्हणाल्या, "थारे भाई नै राम-राम कहियो."

तर राम-राम.

दादा, टपालाने सही होत नाही. तिथल्या कचेरीत समोर उभं राहून अंगठा द्यावा लागतो, मी चौकशी केली. ह्यांचा रेल्वेचा पास निघाला आहे. सोमवारी, ९ जानेवारीला सकाळी मी आणि सोनम अकोल्याला पोहोचतो. सही त्याच दिवशी करू. त्यासाठी माझी काही अट नाही.

मागणी एक आहे, तीही तुला जमली तर. ते चार दिवस मला सांग. आई काय बोलली, काय खाल्लं, कुणाला ओळखत होती. माझं नाव घेतलं की नाही. घेतलं नसेल तर तसंही सांग. आणि तू फोन का केला नाहीस तेही. भीती वाटली असेल तर भीती वाटली म्हण. मी रोज माणसांना वॉर्डाच्या दारापाशी उभं राहिलेलं बघते. ते कुणालाच फोन करू शकत नाहीत, फक्त भिंतीला टेकून उभे असतात. इतकी वर्षं त्यांना बघून मला तू दिसायला हवा होतास. दिसला नाहीस, ही माझी चूक.

पत्राचं उत्तर नाही आलं तरी मी येणार आहे.

अकरा वर्षं उशिरा, पण तुझीच,
शकू