कुठे जायचं ते सांगायचं नाही

३ फेब्रुवारी, क्रॉयडन
आले बाई एकदाची! नागपूरच्या उन्हात भाजून निघालेली मी, इथे दोन स्वेटरांवर कोट घालूनही दात वाजतायत. खोली मस्त आहे, खिडकीखालून ट्राम जाते. टीमलीड नीना बर्मिंगहॅमची, आजी-आजोबा साताऱ्याचे. मराठी बोलते, पण "माझा आई" म्हणते. मी हसले तर म्हणाली, तुला समजलं ना, मग झालं!

आईला सांगितलंय, डेटाचं काम आहे. खरं असं की एका देशात आपसातच युद्ध पेटलंय आणि तिथलं सैन्य आपल्याच गावांवर बॉम्ब टाकतंय. हवाई तळावरून विमान उडालं की तिथले लोक आम्हाला कळवतात. ते कुठल्या गावावर जाईल याचा अंदाज बांधून आम्ही त्या गावाला फोनवर इशारा देतो. नीनाने पहिल्याच दिवशी बजावलं: काय येतंय ते सांगायचं, कुठे जायचं ते सांगायचं नाही. माणसं जिथे पळतात तिथे सैन्याचे ड्रोनही बघत असतात.

११ फेब्रुवारी
माझ्या वाट्याला आलेल्या गावात मरियम आहे. शाळेत इंग्रजी शिकवते आणि शाळेच्याच गच्चीवरून आभाळावर नजर ठेवते. तिची मुलगी हाला सात वर्षांची, मला व्हॉइस मेसेज पाठवून आंटी, आंटी करते. लबाड आहे! आज माझा अंदाज बरोबर आला. अख्खी गल्ली वेळेत तळघरात उतरली, कुणाला खरचटलंसुद्धा नाही. आनंदाच्या भरात मी सगळ्या ऑफिसला केक खाऊ घातला.

२ मार्च
सॅटेलाइट फोटोत तळावर विमानांच्या इंधनाचे टँकरच टँकर. गावाच्या रस्त्यावर रणगाडेही आहेत. इशारा दिला. मरियमने विचारलं, कुठे जाऊ? मी नियम सांगितला. तिने पुन्हा विचारलं, हाला तापाने फणफणलीय, तळघरात पाणी भरलंय. गावाबाहेर एक वीटभट्टी आहे, तिच्यावर आजवर कधीच काही पडलेलं नाही. मी सांगून टाकलं. नीनाला बोलले नाही. एका आईला सांगितलं, एवढंच तर केलं.

३ मार्च
मरियम निघाली, तिच्यामागे अख्खी गल्ली निघाली. अर्थात निघणारच, इशारे तिलाच येतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. उघड्या माळावरून माणसांची रांग. ड्रोनला आणखी काय हवं?

नव्या फोटोत भट्टीला छप्पर नाही.

४ मार्च
नीनाला सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. नुसती माझा हात धरून बसली.
आईचा फोन आला, जेवलीस का म्हणून. हो म्हटलं.
मरियमचा फोन बंद.

५ मार्च
मेसेज! मरियमच्या नंबरवरून! आम्ही ठीक आहोत, असं लिहिलंय. देवा रे, मी खुर्चीतच रडले —
खाली आणखी एक ओळ होती. गावातले बाकीचे लोक कुठे लपलेत?
नीनाने नवे फोटो दाखवले. सैन्य कालच भट्टीत शिरलंय. आणि मरियमला गावातलं घर न् घर माहीत, ती मला कशाला विचारेल?
बाकीचे कुठे लपतात ते मला माहीत आहे, मरियमनेच सांगितलं होतं. म्हणून तर —
नीना म्हणते, उत्तर द्यायचं नाही.
पण खरंच मरियम असली तर?

६ मार्च
तोच प्रश्न. परत. परत.
जेवण जात नाही. फोन पालथा ठेवलाय, तरी —

६ मार्च, दुपार
व्हॉइस मेसेज. हाला.
जिवंत आहे पोर! अगं बाई, जिवंत आहे —
आई उठत नाही म्हणते. मग थांबते. मागून एक पुरुष हळू आवाजात काहीतरी सांगतो, ती तेच इंग्रजीत म्हणते. बाकीचे कुठे आहेत, आंटी?
बाकीचे लपलेत तिथे दोनशे माणसं आहेत. तिच्यासारखीच पोरंही —
नीना नंबर बंद करायला निघालीय. मी दार लावून घेतलंय.

दुसरा मेसेज. या वेळी मागे कुणी बोलत नाही. ती एकटीच रडतेय. म्हणते, आंटी, तू सांगितलंस तिथेच आम्ही गेलो. आता कुठे जाऊ?

नीना दार ठोठावतेय. मी काही सांगणार नाहीये, शपथ. फक्त तिला एवढंच, की बाळा, मी इथे आहे, तू —