अकरा प्रेक्षकांचं म्हणणं

तीर्थरूप दादास,

धाकटीचा नमस्कार. पत्राच्या सुरुवातीला आम्ही सगळे खुशाल आहोत असं लिहायचं असतं, ते लिहून टाकते, म्हणजे एक काम हातावेगळं झालं. तुझी तब्येत कशी आहे? पेपरातल्या फोटोत तुझे डोळे फार खोल गेलेले दिसले. अप्पा म्हणाले की तो उजेडाचा दोष असेल. मी म्हटलं असेल. (फोटो त्यांनी कापून ठेवला आहे. मागच्या बाजूला मूळव्याधीच्या औषधाची जाहिरात आहे, त्यामुळे तो भिंतीला चिकटवावा की नाही यावर त्यांचा विचार चालू आहे.)

तू फोनवर म्हणाला होतास की तुझा सिनेमा आपल्याकडे लागतोय तर लोक काय म्हणतात ते खरंखरं कळव. त्याच आठवड्यात तुझी मुलाखत छापून आली, तीत तू म्हणाला आहेस की सामान्य प्रेक्षकाची अभिरुची अजून घडायची आहे. मी छापखान्यात मुद्रितं तपासते, तेव्हा 'अभिरुची'तला रु ऱ्हस्व आणि ची दीर्घ एवढं मला ठाऊक होतं. ती घडते कशी ते ठाऊक नव्हतं. आता तीन दिवस दुपारचा खेळ पाहून आले आहे, म्हणून लिहिते. फोनवरही सांगितलं असतं, पण फोनवर तू मध्ये बोलतोस.

पहिल्या दिवशी आम्ही अकरा जण होतो. पाच आपल्या इमारतीतले, म्हणजे मी, अप्पा, खालच्या मजल्यावरचा प्लंबर, निवृत्त कंपाउंडर काका आणि शेजारच्या मावशी, ज्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं लोकांना जोडून दिलं. बाकी सहांपैकी तिघे वह्या घेऊन आलेले विद्यार्थी, शेवटच्या रांगेत एक जोडपं (त्यांनी सिनेमाबद्दल काहीच मत बनवलं नाही, पडद्याकडे एकदाही न बघता मत बनवणं अवघडच), आणि एक वीजमीटरची नोंद घेणारा, जो उन्हातून आला होता आणि दिवे मालवायच्या आत झोपला. दारावरच्या माणसाने तिकिटं फाडताना आम्हाला आपुलकीने सांगितलं की मध्यंतरानंतर अर्धे पंखे बंद होतील. आजारी बाईचा सिनेमा आहे, तिथे गर्दी होत नाही, असा त्याचा अनुभव.

प्लंबरपासून सुरुवात करते, कारण तो सगळ्यात आधी अस्वस्थ झाला. तुझ्या सिनेमात त्या बाईच्या खोलीबाहेर नळ ठिबकत राहतो. पेपरातल्या परीक्षणात लिहिलं होतं की तो थेंब म्हणजे काळ. मी ते प्लंबरला मध्यंतरात समजावून सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला की तो थेंब म्हणजे वायसर आहे, पाच मिनिटांचं काम. त्याला राग नळाचा नव्हता. घरात बाई आठ महिने पडून आहे, तिला झोप लागत नाही म्हणून ती भिंतीकडे बघते आहे, आणि तिचा नवरा, तिचा मुलगा, येणारे-जाणारे, कुणाच्याही मनात येत नाही की हा आवाज बंद करावा. असलं घर त्याने पाहिलेलं नाही, आणि त्याने घरं पुष्कळ पाहिली आहेत. सिनेमा संपल्यावर तो माझ्याशी तुटक वागला. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन आपल्या स्वयंपाकघरातला, न्हाणीघरातला आणि गॅलरीतला, तिन्ही नळ न सांगता तपासून गेला. एकही गळत नव्हता. त्याला जरा वाईट वाटल्यासारखं दिसलं.

कंपाउंडर काकांनी पहिली वीस मिनिटं फक्त सलाईनकडे पाहिलं. बाटली रिकामी झाली तरी चालूच होती म्हणे. मग त्यांनी बाईच्या पाठीकडे पाहायला सुरुवात केली. तो मुलगा तिला उठवून बसवतो आणि खिडकीतून झाड दाखवतो, तिथे तिचा झगा खांद्यावरून सरकतो आणि पाठ दिसते. काकांनी माझ्या कानाशी येऊन विचारलं की आठ महिन्यांची पाठ अशी असते का. मी म्हटलं नसते. आईच्या पाठीवरच्या जखमा दिवसाआड त्यांनीच साफ केल्या होत्या, एक तर एवढी खोल की त्यात गॉजची आख्खी पट्टी जायची. दर दोन तासांनी तिची कूस बदलावी लागे. तुझ्या सिनेमात ती बाई आठ महिने उताणी आहे आणि तिच्या डोक्यामागे सकाळ फार सुंदर होते. ती सकाळ मलाही आवडली, खोटं कशाला बोलू. पण मला सारखं वाटत होतं की कुणीतरी उठून तिला डाव्या कुशीवर करावं. एकदा मी खुर्चीतून अर्धी उठलेसुद्धा. मागच्या विद्यार्थ्याने खाली बसायला सांगितलं.

हे विद्यार्थी भले होते. मध्यंतरात त्यांच्यापैकी एकीने मला विचारलं की तुम्हाला यातली शांतता कशी वाटली. मला खरं तर सांगायचं होतं की ज्या बाईची ही गोष्ट आहे ती शांत नव्हती. ती शौचाच्या भांड्यासाठी ओरडायची. भांडं वेळेवर नाही मिळालं की अप्पांना, मला आणि हवामानखात्याला शिव्या द्यायची. शेवटच्या महिन्यात तिला वाटायचं की अप्पा तिचे दात चोरून ठेवतात, आणि अप्पा बिचारे रोज खिसे उलटे करून दाखवायचे. पण मी त्या मुलीला म्हटलं की शांतता चांगली होती. तिने ते वहीत लिहून घेतलं. म्हणजे सामान्य प्रेक्षक म्हणून माझं मत आता कुठेतरी नोंदलं गेलं आहे आणि ते खोटं आहे, हे तुझ्या माहितीसाठी.

(आईला हा सिनेमा आवडला असता का, असं तू विचारशील. तिचं माप तुला ठाऊकच आहे. मध्यंतराच्या आत रुमाल ओला झाला तर सिनेमा चांगला, दोन झाले तर शेजारणीला घेऊन परत. बिछान्याला खिळल्यावरही ती टीव्हीवर याच मापाने बघायची, फक्त रुमाल मला धरावा लागे. एका सिनेमात नायिका क्षयाने गेली तेव्हा आई म्हणाली की हिचं बरं झालं, गाणं म्हणून झाल्यावर लगेच सुटली. मग खूप रडली. तो तिचा शेवटचा दोन रुमालांचा सिनेमा. तुझा तिने अर्ध्या रुमालावर सोडला असता असं मला वाटतं. राग मानू नकोस, तू खरं कळव म्हणालास.)

आता माझं. आपल्या इमारतीतल्या प्रत्येकाने मला एकच प्रश्न विचारला आणि मी तीन दिवस त्याला उत्तर शोधते आहे. सिनेमात नवरा आहे, मुलगा आहे, झाड आहे, खालच्या अंगणात एक मांजर आहे आणि त्या मांजरीला चार वेळा जवळून दाखवलं आहे. मुलगी नाही. प्लंबरने विचारलं की तुम्ही कुठे आहात. मी म्हटलं मी कदाचित पुढे येईन. नाही आले. मुलगा तिला भरवतो, पुसतो, तिच्या केसांतला गुंता सोडवतो, आणि ते सगळं तो ज्या तऱ्हेने करतो ते पाहून मला कळलं की त्याने हे काम कधी केलेलं नाही, कारण तो एकदाही तोंड फिरवत नाही. मला तुझ्याशी भांडायचं होतं. पहिल्या दिवशी घरी येईपर्यंत मी मनातल्या मनात तुला तीन पत्रं लिहिली, हे त्या मानाने फार सौम्य आहे. मी दोन वर्षं छापखान्यातून अर्ध्या दिवसाने घरी येत होते. पुराव्यादाखल माझी कंबर आहे. मला मांजरीइतकी जागा दिली असतीस तरी चाललं असतं. एवढं लिहिलं, आता तो विषय संपला.

अप्पांबद्दल मुद्दाम शेवटी लिहिते. पहिल्या दिवशी ते एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं त्यांना त्रास झाला, दुसऱ्या दिवशी आपण घरीच बसू. दुसऱ्या दिवशी साडेअकराला ते इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे. त्या दिवशी आम्ही चौघेच होतो आणि दारावरच्या माणसाने पंखे सुरुवातीपासूनच अर्धे ठेवले. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. अप्पा पुढे वाकून बघत होते, कारखान्याच्या फाटकावरच्या खोलीतून बघायचे तसे. चाळीस वर्षं त्यांनी तिथे टाइमकीपर म्हणून कोण किती वाजता आला ते लिहिलं. कितीही विनवण्या झाल्या तरी कुणाचं एक मिनिट पुढे-मागे केलं नाही, म्हणून लोक त्यांना खडूस म्हणायचे. तर तिसऱ्या दिवशी खेळ सुटल्यावर ते पायरीवर बसले, बुटाची नाडी बांधायला. मी सहज विचारलं की तीन तीनदा बघितलात, एवढं काय आवडलं.

"मुलगा वेळेवर आला," अप्पा म्हणाले.

त्यात टोमणा नव्हता रे. तुला टोमणा वाटेल म्हणून सांगते. गोष्ट चांगली संपली की माणूस जसा बोलतो तसे बोलले. दुसऱ्याच प्रसंगात तो मुलगा बॅग घेऊन दारात उभा राहतो ना, तिथे तिन्ही दिवस त्यांनी मनगटावरच्या घड्याळात पाहिलं, ते मी पाहिलं होतं. मग नाडी बांधून झाल्यावर ते म्हणाले की आपला ती गेल्यावर चौथ्या दिवशी पोचला, त्याला बिचाऱ्याला गाडी मिळाली नाही. त्या आठवड्यात सगळ्या गाड्या चालू होत्या. हे मला माहीत आहे, तुला माहीत आहे, आणि अप्पांना तर गाड्यांचं वेळापत्रकच पाठ आहे. त्यांनी जन्मात केलेली ही एकच खोटी नोंद असावी. मी ती दुरुस्त केली नाही. मुद्रितं तपासणाऱ्या बाईला हे सोपं नसतं.

तर दादा, अभिरुचीचं हे असं आहे. प्लंबरला नळ दिसला, काकांना पाठ दिसली, मला मी दिसले नाही आणि अप्पांना तू दिसलास. वहीवाल्यांना काय दिसलं ते छापून येईलच. ते तपासायला माझ्याकडे आलं तर मी काही बदलणार नाही.

वहिनींना नमस्कार. जेवणाच्या वेळा पाळत जा.

तुझी,
धाकटी

ता. क. – सिनेमा चौथ्या दिवशी उतरला. दारावरच्या माणसाने निरोप दिला आहे की पुढचा काढाल तेव्हा बाईला निदान मध्यंतरापर्यंत हिंडती-फिरती ठेवा.

ता. क. दुसरा – एक्स्चेंजच्या मावशींचं राहिलं. त्या सिनेमाभर डोळे मिटून होत्या. आम्हाला वाटलं झोपल्या. पण त्यांची सवयच ती, माणूस न बघता ऐकायची. दुसऱ्या दिवशी त्या दारात येऊन म्हणाल्या की मध्यंतरानंतर भांडी वाजतात तिथे ती बाई हळूच बोलते, "दमलीस का गं? बस जरा." मी म्हटलं शक्य नाही, तेव्हा खोलीत कुणीच नाही, आणि सबंध सिनेमात 'गं' म्हणावं असं माणूसच नाही. मावशी म्हणाल्या की ते मला माहीत नाही, पण ती दाराकडे बघून बोलली, आवाजावरून कळतं. तिसऱ्या दिवशी मी डोळे मिटून ऐकलं. आहे. आई मला रोज छापखान्यातून आल्यावर हेच म्हणायची, शिव्या सुरू करायच्या आधी. ते तू कधी ऐकलंस? फोनवर असशील तेव्हा मी नेमकी आत येत असेन. तू ते लिहिलं असशील तर कळव. त्या नटीच्या तोंडून आपोआप निघालं असेल तर कळवू नकोस.

ता. क. तिसरा – वर खुशाल आहोत असं लिहिलं ते पद्धत म्हणून. अप्पांच्या पोटात गाठ निघाली आहे. येत्या मंगळवारनंतरच्या मंगळवारी ऑपरेशन आहे. तुला आधी कळवायचं नाही असं त्यांनी मला बजावलं आहे, कामात असतो म्हणून. डॉक्टर फार काही बोलत नाहीत, कागद मात्र पुष्कळ देतात. त्यातल्या एकावर रुग्णाजवळ पाळीपाळीने राहणाऱ्या दोघांची नावं लिहायची आहेत. पहिल्या ओळीत माझं लिहिलं आहे. दुसरी ओळ रिकामी आहे. कागद शनिवारी परत द्यायचा आहे.